पडीक शेताचं रान होऊ द्यावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

वन्यप्राण्यांच्या त्रासाने ज्यांनी शेती सोडून दिली त्यांनी त्या जमिनीचं पुढे काय करायचं ठरवलंय, असं आपण मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली, आणि बहुतेकांचा सूर एकच, की शेती परवडत नाही तर तिथं जंगल होऊ द्यावं, पर्यटक आणावेत आणि त्यावर घर चालवावं, हे जमतं का? नावं देत नाहीये, कारण बऱ्याच जणांचे जमिनीचे व्यवहार अजून बोलणीत आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही भिवापूर तालुक्यातले. तिघा भावांची मिळून 17 एकर, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीपासून दोनेक किलोमीटरवर. आधी धान आणि मिरची, नंतर सोयाबीन-तूर. पण रोही (नीलगायी) आणि डुक्कर काही ठेवत नाहीत, जागलीला माणूस मिळत नाही, आता वाघ फिरतो म्हणून मचाणावर बसायला कुणी तयार नाही. चार वर्षं झाली पेरणी बंद. शेजारच्या पाच-सहा जणांचं पण तेच आहे. नागपूरचे एक गृहस्थ म्हणतात सगळ्यांनी जमीन एकत्र द्या, आपण खासगी अभयारण्य करू, टेंट लावू, सफारी चालवू, मी एकरी ठरलेले पैसे देतो, 30 वर्षांचा करार करा. मोठा भाऊ तयार आहे, मला झोप लागत नाही. काय करू?

उत्तर: दादा, आधी एक सांगते, सही करू नका. म्हणजे कधीच करू नका असं नाही, पण हे पत्र पूर्ण वाचून, तिघं भाऊ एकत्र बसून, मग ठरवा.

पहिली गोष्ट नावाची. 'खासगी अभयारण्य' असं काही कायद्यात नाहीये. अभयारण्य फक्त सरकार जाहीर करतं, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली. तुम्ही तुमच्या जमिनीवर गवत वाढू देऊ शकता, पाणवठा करू शकता, शिकार आणि जाळ थांबवू शकता, कायद्याच्या चौकटीत राहून पाहुणे पण ठेवू शकता, पण कुणी 'अभयारण्य काढतो' म्हणून कागद पुढे करत असेल तर त्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते तालुक्यातल्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, त्याला दोन पैसे द्यावे लागले तरी द्या.

दुसरी गोष्ट, कल्पना चुकीची नाहीये, उलट मला ती फार पटते. तुमच्याच बाजूला, गोठणगावला, काही शेतकऱ्यांनी पिकाच्या नुकसानीला कंटाळून अभयारण्याला लागून असलेली शेतं एकत्र केली आणि गवताला मोकळी सोडली, हे तुम्हाला ऐकून माहीत असेलच. एकदा तिथं जाऊन त्या शेतकऱ्यांशीच बोला, ज्यांची जमीन गेली त्यांच्याशी, चालवणाऱ्यांशी नंतर. पैसे वेळेवर येतात का, किती जणांना काम मिळालं, पुन्हा विचारलं तर जमीन पुन्हा देतील का, हे तीन प्रश्न विचारा.

आता जमिनीबद्दल, कारण माझ्या मते सगळं तिथंच ठरतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांना वाटतं शेत सोडलं की आपोआप जंगल होतं. तसं होत नाही. मी आमच्याकडच्या एका सोडलेल्या शेतात सलग तीन पावसाळे जात होते. पहिल्या वर्षी नुसता तरोटा, म्हणजे तणच, गुडघ्याच्या वर, आणि कडेने गाजरगवत. दुसऱ्या वर्षी रानतुळस घुसली, माणूस बुडेल एवढी, आत शिरलं की कपड्यांना तो उग्र वास चिकटून राहायचा, आणि एक चितळ तिला तोंड लावत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं काय छान हिरवं झालंय, पण जनावराच्या दृष्टीने ते रिकामं ताट होतं. मग त्या शेताच्या मालकांनी तरोटा शेंगा धरायच्या आत आणि रानतुळस फुलायच्या आत हाताने उपटायला सुरुवात केली, उपटलेलं बांधावर ढीग न लावता बाहेर नेलं, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे मारवेल आणि पवना हे जुनं गवत तग धरून होतं त्याचं बी गोळा करून मधे टाकलं. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी गेले तेव्हा मधल्या पट्ट्यात मारवेलाच्या बुडख्यांशी चितळांच्या ताज्या लेंड्या होत्या आणि गवताचे शेंडे कातरल्यासारखे सरळ खाल्लेले होते. तेवढंच बघायला मी 40 किलोमीटर गेले होते आणि मला फार आनंद झाला.

तर तुमच्या 17 एकरात निदान तीन पावसाळे हेच काम आहे, उपटणी आणि राखण. नांगर परत घालू नका, माती हलली की खालचं तणाचं बी वर येतं. झाडं लावायच्या मागे लागू नका, कुणीतरी हमखास म्हणेल साग लावा, बांबू लावा, पण रोही-चितळांना मोकळं गवत हवं आणि वाघ त्यांच्या मागे येतो. धुऱ्यावरची बोर, पळस, मोह आहेत तशी राहू द्या. आणि फेब्रुवारी लागायच्या आत कडेने जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा, नाहीतर मोहफुलाच्या दिवसात कुठूनतरी आग येते आणि तीन वर्षांची मेहनत एका दुपारी जाते.

17 एकर कमी आहे का? एकटं असेल तर हो, फारच कमी, एक चितळांचा कळप सकाळी शिरून दुपारी बाहेर पडतो एवढीच ती जागा. पण शेजारचे पाच-सहा जण आले आणि जमीन सलग असली, आणि तिथून अभयारण्यापर्यंत मधे तारेचं कुंपण नसलं, तर ती अभयारण्याला जोडलेली ओसरी होते, आणि तिची किंमत एकराच्या हिशोबात मोजता येत नाही. म्हणून मी म्हणते की नागपूरच्या गृहस्थांशी बोलायच्या आधी शेजाऱ्यांशी बोला. तुम्ही सहा-सात कुटुंबांनी आधी आपसात संस्था केली, सहकारी म्हणा किंवा शेतकरी उत्पादक कंपनी म्हणा, आणि मग त्या संस्थेने बाहेरच्या माणसाशी करार केला तर बोलण्याची ताकद वेगळी असते, आणि प्रत्येकाने सुटी सुटी सही केली तर सगळ्यात अडलेल्या माणसाच्या भावात बाकीच्यांची जमीन जाते.

करारात काय बघायचं ते थोडक्यात सांगते. सातबारा तुमच्याच नावावर राहिला पाहिजे आणि इतर हक्कात काय चढणार ते आधी कळलं पाहिजे. 30 वर्षं फार झाली, 5 वर्षांचा करा आणि मग वाढवा. एकरी ठरलेली रक्कम दरवर्षी वाढणारी हवी, आणि त्याशिवाय प्रत्येक पाहुण्यामागे हिस्सा हवा, कारण नुसतं भाडं घेतलं तर धंदा वाढला तरी तुम्ही आहात तिथंच. पैसे थकले तर किती महिन्यांनी करार मोडतो ते लिहून घ्या. आणि गाईड, जिप्सीचा ड्रायव्हर, स्वयंपाक, राखण ही कामं कुणाला द्यायची हे तोंडी ठेवू नका. तीन भावांची जमीन सामायिक असेल तर वाटणीपत्र आधी करा, बहिणींचे हक्क असतील तर त्यांनाही बसवा, मागाहून कोर्टात जाण्यापेक्षा आत्ता चहा पीत बसून झालेलं बरं.

टेंट आणि खोल्यांचं पण सांभाळून. अभयारण्याभोवती जो इको-सेन्सिटिव्ह झोन असतो त्याच्या अधिसूचनेत साधारणपणे हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्ट चालत नाही, त्याच्या पलीकडेही अटी असतात. तुमचा गट नंबर झोनमध्ये येतो का ते वनविभागाच्या ऑफिसात लेखी विचारा. तोंडी 'चालतं हो' यावर एक वीट रचू नका.

आणि शेवटचं, पर्यटनावर सगळा भार टाकू नका. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय वाघ तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या नावावर गेटवर रांगा लागायच्या, 2016 च्या एप्रिलमध्ये तो दिसेनासा झाला आणि गर्दी ओसरली. 2020 मध्ये लॉकडाऊनला तर देशभरातली सफारी एका दिवसात बंद पडली. पावसाळ्याचे तीन महिने तसेही जातात. म्हणून घरासमोरची दोन-चार एकर, जी राखता येते, ती पिकाखाली ठेवा, भिवापुरी मिरचीला आजही नाव आहे, येणारा पाहुणा तीच विकत घेऊन जाईल. बाकीची रानाला द्या.

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेतलं मडिक्वे हे पूर्वी गुरांच्या चराऊ फार्मची जमीन होती आणि आता तिथं हत्ती-सिंह आहेत असं वाचलं. हे खरं आहे का, आणि त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये? (नाशिक)

उत्तर: खरं आहे, आणि मला विचाराल तर शेतीची जमीन पर्यटनाच्या जोरावर रान करण्याचं याच्याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मडिक्वे म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतात, बोट्स्वानाच्या सीमेला टेकून असलेला सुमारे 75,000 हेक्टरचा पट्टा. तिथं गोऱ्या शेतकऱ्यांची गुरांची फार्म होती, पाऊस कमी, माती हलकी, चरून चरून जमीन उघडी पडलेली, धंदा बसलेला. जमीन सरकारकडे आली तेव्हा प्रश्न होता की आता इथं काय करायचं. त्यांनी हिशोब करून घेतला, नुसती गुरं, गुरं आणि थोडे वन्यप्राणी, आणि पूर्ण वन्यप्राणी-पर्यटन, या तिन्हीत लोकांना काम आणि उत्पन्न कशात जास्त. उत्तर आलं पर्यटन. म्हणजे मडिक्वे निघालं ते आसपासच्या गरीब गावांना रोजगार कुठून मिळेल या प्रश्नातून, आणि 1991 मध्ये ते जाहीर झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे आधी प्राण्याचं ठरतं आणि माणसाचं नंतर बघू असं म्हणतात.

मग त्यांनी आतली जुनी कुंपणं काढली, पडकी घरं पाडली, बाहेरून सुमारे 150 किलोमीटरचं विजेचं कुंपण घातलं आणि प्राणी आणायला लागले. 1991 ते 1997 या काळात 28 जातींचे 8,000 च्या वर प्राणी ट्रकमधून आणून सोडले, त्या मोहिमेला ऑपरेशन फिनिक्स म्हणतात. हत्ती दुष्काळात होरपळणाऱ्या झिम्बाब्वेतून आणले, कळपच्या कळप, पिल्लांसकट. सिंह नामिबियातल्या एटोशातून आणि जवळच्या पिलानेसबर्गमधून. जमीन सरकारची, लॉज चालवायला खासगी लोकांकडे, ते सरकारला फी देतात. बाहेरून दिवसापुरती गाडी घेऊन येणाऱ्याला प्रवेश नाही, मुक्कामाला येईल त्यालाच सफारी, त्यामुळे गाड्यांची झुंबड होत नाही. आपल्याकडे काय झालं आठवतं ना? 31 डिसेंबर 2024 ला गोठणगावच्या सफारी रस्त्यावर एका वाघिणीला आणि तिच्या 5 बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलं, त्याचे फोटो सगळीकडे फिरले आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो फोटो बघून मला रडू आलं होतं. पर्यटनावर रान जगवायचं तर गाड्या किती, हा आकडा पहिल्या दिवशी ठरवावा लागतो, धंदा वाढल्यावर तो कुणी कमी करू देत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याला जसंच्या तसं जमणार नाही, आणि जमू पण नये. तिकडे 1991 च्याच एका कायद्याने, नीट कुंपण घातलेल्या जमिनीतला वन्यप्राणी कुंपणातून निसटला तरी मालकाचाच राहतो. तो लिलावात विकता येतो. आपल्याकडे सातबारा तुमचा असला तरी त्यावर चरणारं चितळ तुमचं नाही, आणि ते उद्या शेजाऱ्याच्या तुरीत जाणार. माझ्या मते हे आपलं बळ आहे. कारण मडिक्वेत कुंपणामुळेच पुढे फार वाईट झालं. सुरुवातीला आणलेले अडीचशेच्या आसपास हत्ती वाढत वाढत दीड हजारावर गेले, पर्यटकांना हत्ती आवडतात म्हणून संख्येचा निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलला गेला, हत्तींना बाहेर जायला वाट नाही, आणि 2024 च्या दुष्काळात डझनावारी हत्ती उपासमारीने मेले. ज्या प्राण्यांना एका दुष्काळातून वाचवून आणलं त्यांचीच पुढची पिढी कुंपणाच्या आत उपाशी मेली, हे लिहिताना पण जड जातं.

अजून एक लहान गोष्ट, जी आपल्या गावात उद्यापासून करता येते. मडिक्वेत आणलेले रानकुत्रे 1997 च्या सुमाराला रेबीजने जवळपास संपले, परत आणावे लागले. रानाशेजारच्या गावातल्या कुत्र्यांना लस देणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि ते कुणी करत नाही.

प्रश्न: आमचं गाव ताडोब्याच्या एका गेटजवळ आहे. पर्यटनाने विकास होतो म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी 2 एकर विकली, तिथं आता रिसॉर्ट आहे, माझा नवरा तिथंच वेटर आहे आणि मी चादरी धुते. ज्या जागेवर मी धानाचे पऱ्हे (रोपं) लावले तिथं आता स्विमिंग पूल आहे. हा विकास आहे का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. नाही, जे तुमच्या वाट्याला आलं त्याला मी विकास म्हणणार नाही. पगार आहे हे खरं, पण जमीन गेली, आणि तिचा भाव दहा पट झाला तो दुसऱ्याच्या खिशात गेला.

म्हणूनच वरच्या दादांना मी सातबाऱ्याचं इतकं घोळून सांगितलं. जमीन विकून पर्यटन आलं की गाव नोकर होतं, जमीन ठेवून आलं तर गाव भागीदार होतं, फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. मडिक्वेत शेजारच्या लेकगोफुंग आणि मोलाटेडी या गावांची स्वतःची लॉज आहेत, बफेलो रिज आणि थाकाडू रिव्हर कॅम्प. मालकी गावाच्या ट्रस्टची आणि चालवायला व्यावसायिक कंपनी, कारण बुकिंग, मार्केटिंग, परदेशी पाहुणे हे गावाला पहिल्या दिवसापासून जमत नाही, पण मालकी सोडायची काही गरज नाही.

तुम्ही आत्ता काय करू शकता? जमीन परत येणार नाही. पण तुमच्या गावात ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असेल, बफर क्षेत्रातल्या गावांसाठी 2015 पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून गॅस, सौर कुंपण, बायकांच्या गटांना काम अशा गोष्टी होतात. समितीच्या मीटिंगला जा, एकटी नको, चार-पाच जणी जा, गेटच्या पैशातून गावाला किती आले आणि कशावर खर्च झाले ते वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. आणि राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, ज्यांच्याकडे अजून एक-दोन एकर उरलीय त्या बायकांनी घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा विचार करावा, झुणका-भाकर आणि स्वच्छ संडास एवढ्यावर पाहुणे राहतात, पूल लागत नाही. तुमचा स्वयंपाक तुमच्या अंगणात विकला जाऊ दे, त्यांच्या किचनमध्ये नको.

प्रश्न: आम्ही सोलापूरकडचे. 'अभयारण्य' शब्द ऐकला की आमच्याकडे लोक पळतात. माळढोकच्या नावाखाली आमच्या जमिनी किती वर्षं अडकल्या होत्या. आता कुणी स्वतःहून शेतात अभयारण्य करा म्हणत असेल तर त्याला वेड लागलंय असं वाटतं. आणि आमच्याकडे वाघही नाही, पर्यटक कशाला येईल?

उत्तर: तुमचा राग योग्य आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये झालं आणि कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे गावंच्या गावं, चालू शेतं, रस्ते सगळं आत. कुणाला विचारलं नव्हतं. खरेदी-विक्री अडली, विहिरीला-रस्त्याला परवानग्या, लोकांच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याबद्दलच अढी बसली. शेवटी क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटर केलं, पण तोवर माळ नांगरले गेले होते आणि आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. शेतकऱ्याला शत्रू करून पक्षी वाचत नाही.

पण त्यातून जे शिकायचं ते वन्यजीव कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीत थोडं आलं. कम्युनिटी रिझर्व्ह म्हणजे समुदाय राखीव क्षेत्र ही तरतूद त्यात आहे. खासगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकाने किंवा गावाने स्वतःहून तयारी दाखवली तरच ते जाहीर होतं, मालकी बदलत नाही, कारभाराला समिती असते. पण डोळे उघडे ठेवून जा, कारण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. उद्या नातवाला ऊस लावावासा वाटला तर त्याला सहज लावता येणार नाही. घरातल्या पुढच्या पिढीला समोर बसवून विचारा, मगच ठरवा.

वाघ नाही म्हणून पर्यटक येणार नाही हे मात्र मला पटत नाही. तुमच्या शेजारी इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आहे, बारामतीत शिर्सुफळ, तिथं वनविभागाने गवताळ सफारी सुरू केलीय, लोक लांडगा, खोकड, चिंकारा बघायला पहाटे पाचला येऊन थांबतात. भिगवण-कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, आणि नाव चालवणारे तिथलेच मच्छीमार. त्या पाण्याखाली लोकांची चांगली काळी जमीन गेलीय, ते दुःख वेगळं आणि ते कुणी विसरू नये, पण त्याच पाण्यावर त्यांच्या मुलांनी पक्ष्यांची नावं शिकून दुसरी रोजी उभी केली हेही खरं. तुमच्या पडीक माळावर मेंढरं आहेत का? असतील तर त्यांना हाकलू नका. लांडगा, मेंढपाळ आणि माळ हे शेकडो वर्षं एकत्र आहेत, चराई बंद केली की काही वर्षांत झुडूप माजतं आणि धाविक, चंडोल असले मोकळ्या माळाचे पक्षी निघून जातात. चराई फिरती ठेवा, एक तुकडा पावसाळ्यात बंद, दुसरा उघडा.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये ससेक्सला राहतो, मूळचा वाईचा. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर नेप इस्टेट आहे, तिथं शेती बंद करून रान केलंय, करकोचे आहेत, कॅम्पिंग आहे, भरपूर गर्दी असते. गावाकडे आमची 9 एकर पडून आहे, तसंच करावं म्हणतोय.

उत्तर: नेपबद्दल मला आदर आहे. चिकणमातीची 3,500 एकर, शेती कायम तोट्यात, 2000 च्या सुमाराला त्यांनी दुधाची गुरं आणि यंत्रं विकली, मग जुन्या जातीच्या गाई, डुकरं, तट्टू आणि हरणं मोकळी सोडली, आणि 2020 मध्ये तिथं पांढऱ्या करकोच्याची पिल्लं बाहेर पडली, ब्रिटनमध्ये शेकडो वर्षांनी. सफारी आणि कॅम्पिंगचं उत्पन्न चांगलं आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत सरकारी अनुदानाचा मोठा आधार होता आणि सगळी जमीन एका घराण्याची होती. महाराष्ट्रात कमाल धारणा कायद्याप्रमाणे कोरडवाहू जमीनसुद्धा एका कुटुंबाला साधारणपणे 54 एकरांच्या वर ठेवता येत नाही. म्हणून आपल्याकडचा रस्ता शेजाऱ्यांच्या घरावरूनच जातो.

9 एकरात पर्यटनाचा विचार सोडून द्या, पण ती विकू नका. रणथंबोरजवळ भदलाव इथं आदित्य आणि पूनम सिंग यांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी करून तीस-चाळीस एकर घेतली, पाणवठे केले, राखण केली आणि बाकी काही केलं नाही. आज वाघ तिथं येतो. त्यांनी त्या जमिनीवर पैसा कमवायचा विचार केला नाही. तुमचा पगार तिकडे आहे, तुम्हाला हे परवडतं, ज्याला परवडतं त्याने करावं. गावातल्या एखाद्या तरुणाला राखणीचा नीट पगार द्या, बारा महिने, आणि वर्षातून एकदा येऊन स्वतः चालून बघा.

प्रश्न: मेळघाटातली गावं उठवली तिथल्या शेतांचं कुरण झालं, ते पण याच प्रकारात येतं ना? (अमरावती)

उत्तर: जमिनीच्या बाजूने बघितलं तर हो. बोरी, कोहा, कुंड ही गावं 2001 नंतर अकोटकडे हलवली, आणि त्यांची शेतं आज उत्तम कुरणं आहेत, सांबर आणि गवे असतात. ताडोब्यात नवेगाव-रामदेगीच्या शेतांचं पण तसंच झालं. सोडलेल्या शेताला गवत किती छान घेतं हे शिकायला तिथं जरूर जा. पण तुम्ही स्वतःच्या मर्जीने एक धुरा मोडणं आणि अख्खं गाव उठणं या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही. मेळघाटातून आलेल्या काही कोरकू कुटुंबांचे नवीन जागी फार हाल झाले, आजारपणं आली, मृत्यू झाले, लोक परत जंगलात जाऊन बसले. ते कुरण बघताना हे पण लक्षात असू द्या.

प्रश्न: आमच्या पडीक शेतात दोन जुन्या विहिरी आहेत, पाणी आहे, कठडा नाही. जनावरांना पाणी मिळतं म्हणून तशाच ठेवल्यात. बरोबर आहे ना? (ब्रह्मपुरी)

उत्तर: अजिबात बरोबर नाही, आणि बाकी सगळ्याच्या आधी हे करा. उघड्या विहिरीत बिबट्या पडतो, रोही पडतं, अस्वल पडतं, रात्री पाठलाग करताना त्यांना कडा दिसत नाही आणि सरळ भिंतीला वर चढायला पकड नसते. तुम्हाला सकाळी पाण्यात जे दिसतं ते रात्रभर पोहून दमलेलं असतं.

छातीएवढा कठडा बांधा. पैसे नसतील तर आत्ता निदान बोरीच्या काट्यांचं दाट कुंपण आणि वर लोखंडी जाळी टाका, आणि आत एक जाड फांद्यांचं लाकूड तिरकं सोडून ठेवा, कधी काही पडलंच तर त्याला नख रोवायला जागा मिळते. पाण्यासाठी विहिरीपासून वीसेक पावलांवर उतरत्या काठाची उथळ टाकी करा, घोट्याएवढी खोल, म्हणजे तितराचं पिल्लू पण बुडणार नाही, आणि विहिरीतून सोलर पंपाने ती भरा. टाकीच्या एका बाजूला झुडूप राहू द्या आणि बाकी तीन बाजू मोकळ्या ठेवा, पाणी पिणाऱ्याला चहूकडे दिसलं पाहिजे. दोन्ही विहिरींचं काम या उन्हाळ्यात उरका, पाऊस पडला की काठ निसरडे होतात.